डावीकडची जमीन झोपली तेव्हा

मित्रांनो, मला गाता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. टेप किंवा रेकॉर्ड प्लेअर गातो खरा, पण त्याचा आवाज इतका बारीक असतो की शेजारच्या माशीलाही ऐकू जायचा नाही. ते गाणं मी घेतो, त्यात बळ भरतो आणि स्पीकरच्या हवाली करतो. गाणार एक, वाहवा दुसऱ्याची आणि मधल्या मधे ओझं वाहणारा मी! तरी माझी तक्रार नाही. ओझं वाहण्यासाठीच मला घडवलंय.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला मी नुसता पत्र्याचा ट्रे होतो. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असत आणि प्रत्येकीकडे माझं एकेक अंग सोपवलेलं असे. एकीने माझ्या पोटात ट्रान्सफॉर्मर बसवला. तो म्हणजे लोखंडाचा आणि तांब्याचा एवढा मोठा ठोकळा, माझ्या निम्म्या वजनाचा. दुसरीने तारा जोडल्या, तिसरीने चंदेरी दर्शनी पट्टी लावली. दुसऱ्या टोकाला एक चष्मेवाला तपासनीस होता. त्याने माझं आवाजाचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, स्पीकरला कान लावला आणि म्हणाला, "पोटात गुरगुर नाही. जाऊ दे याला."

मला घरी आणलं ते पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका कारागिराने. त्याची मुलगी त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, खिडकीशेजारी एक फळी आणि त्या फळीवर मी. बाबा दिवसभर पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर काम करत. ते यंत्र मिनिटाला चाळीस वेळा धाडकन आपटायचं. घरी आले की ते कोपरापर्यंत हात धूत, पुसून कोरडे करत आणि मगच मला हात लावत. ओल्या हाताने त्यांनी मला कधी शिवलं नाही.

पण त्या यंत्राने हळूहळू त्यांचे कान खाल्ले. आधी बासरी गेली, मग बायकांचे वरचे सूर गेले. बाबा माझं बटण आणखी आणखी पुढे नेऊ लागले.

"अहो, शेजाऱ्यांच्या कानठळ्या बसतील!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

"असं होय? मला तर आता कुठे ऐकू यायला लागलंय," बाबा म्हणायचे.

एका रविवारी त्यांनी बटण उलटं फिरवलं, आवाज कमी केला, स्पीकरजवळ स्टूल ओढलं आणि त्याच्या जाळीवर तळहात ठेवून डोळे मिटले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने खांदा हलवला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"बाबा, काय करताय?"

"गाणं ऐकतोय."

"हाताने?"

"कान रुसलेत. म्हणून हातांना कामाला लावलं."

तिनेही आपले दोन्ही तळहात शेजारी टेकवले. मग म्हणाली, "बाबा, ढोल तळव्याला धक्के देतो. आणि बासरी आहे ना, ती बोटांच्या टोकांना नुसत्या गुदगुल्या करते."

बाबांनी तिचे ओठ वाचले आणि हसले. त्या दिवसापासून दर रविवारी एकाच स्पीकरवर चार तळहात असत.

ती मुलगी मोठी झाली आणि कानांनी ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका झाली. तिथे सगळे तिला ताई म्हणू लागले. बाबा गेल्यानंतर आईने एक दिवस मला पुसून तिच्यापुढे ठेवलं. "इथे आता कुणासाठी वाजवू मी याला? तुझ्या मुलांकडे ने," ती म्हणाली. आईने तारासुद्धा नीट गुंडाळून, दोऱ्याने बांधून दिल्या होत्या.

शाळेच्या पहिल्या मजल्यावर एक मोठी खोली होती. तिची जमीन लाकडी होती, जुन्या रुंद फळ्यांची. ताईने माझे दोन्ही स्पीकर त्या जमिनीवर चक्क पालथे घातले, खाली चार-चार लाकडी ठोकळे ठेवून. शाळेचे शिपाईमामा दारातून बघत होते.

"ताई, पेट्या उलट्या पडल्यात."

"उलट्याच ठेवायच्यात, मामा."

"बरं बाई," मामा म्हणाले आणि 'शिकलेल्या माणसांचं काही खरं नाही' अशा चेहऱ्याने निघून गेले.

मग मुलं आली, अनवाणी. ताईने माझं बटण फिरवलं. एक मुलगा जागच्या जागी थबकला आणि पायाखाली काय आहे ते वाकून बघू लागला. एक मुलगी गालच टेकून आडवी झाली. बघता बघता सगळा वर्ग जमिनीवर पालथा! नंतर एकेक जण उठला आणि त्यांच्या टाचा आपोआप खालीवर होऊ लागल्या. इतकी वर्षं मी कानांसाठी राबलो होतो. पायांसाठी राबायची माझी ती पहिलीच वेळ, आणि खरं सांगतो, मला माझ्या ताकदीचा एवढा अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता.

एकदा तपासणीला एक मोठे साहेब आले. मुलं नाचत होती. साहेबांनी भुवया चढवल्या. "यांना ऐकू येत नाही ना? मग ही गाणी कुणासाठी लावता?"

"साहेब, बूट काढता का?" ताई म्हणाली.

साहेब गोंधळले, पण त्यांनी बूट काढले. मोज्यातून त्यांचा अंगठा बाहेर डोकावत होता. मुलं खुदकन हसली. साहेब आधी ओशाळले, मग उभे राहिले, आणि मिनिटभरात तो उघडा अंगठा ताल धरू लागला. जाताना त्यांनी वहीत एकच ओळ लिहिली : "हा वर्ग बंद पडू देऊ नये."

अशी वीसेक वर्षं गेली. मुलं येत राहिली, मोठी होऊन जात राहिली. ताईच्या केसांत पांढरं दिसू लागलं आणि माझंही वय झालं. आधी पोटात गुरगुर सुरू झाली, तीच, जी तपासनिसाला ऐकू आली नव्हती. मग बटण फिरवलं की खरखर. मित्रांनो, म्हातारपण आपल्यालाच सगळ्यांत आधी कळतं आणि कबूल मात्र आपण सगळ्यांत शेवटी करतो. मीही तेच केलं, अंगात होतं तेवढं बळ ढकलत राहिलो.

त्या वर्षी वर्गात एक आठ वर्षांची मुलगी होती. एका जागी ती उभी म्हणून राहायची नाही, सारखी आपली गरगर फिरत असायची. म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. नाचताना तिची जागा ठरलेली, डावीकडे, खिडकीजवळ. एका सकाळी नाच ऐन रंगात असताना ती एकदम थांबली. खाली बसली, जमिनीवर तळहात ठेवला, दोन पावलं सरकून पुन्हा ठेवला. मग ताईकडे पाहून तिने दोन्ही हात जोडून गालाखाली घेतले आणि बोटाने खाली दाखवलं.

"इकडची जमीन झोपलीय," ती हातांनी सांगत होती.

ताईचे कान तर शाबूत होते, पण तिला काहीच जाणवलं नव्हतं. उजव्या स्पीकरने खोली भरून टाकली होती ना! तिने डाव्या स्पीकरला कान लावला. तो ठार मुका झाला होता. माझी अर्धी बाजू गेली होती, आणि ते सगळ्यांत आधी कळलं ते ऐकू न येणाऱ्या मुलीला.

शाळेचे मुख्याध्यापक भला माणूस. ते म्हणाले, "ताई, याने पुष्कळ केलं. आता याला विश्रांती देऊ." महिन्याभरात शाळेच्या एका हितचिंतकाने नवा संच भेट दिला. काळाभोर, सडपातळ, निळा दिवा लुकलुकणारा. त्याचे दोन स्पीकर तीन पायांच्या उंच घोड्यांवर दिमाखात उभे राहिले. मामांनी मला उचलून जिन्याखालच्या खोलीत नेलं आणि फाटके नकाशे नि मोडकी स्टुलं यांच्या शेजारी ठेवून वर एक जुना पडदा टाकला.

खोटं कशाला बोलू? नव्याचा आवाज स्वच्छ होता. जिन्याखालून ऐकतानाही मला तो आवडला. पण वर मुलांची जमीन होती तेच माझं छत होतं, आणि मी कान देऊन ऐकत होतो ती पावलं. पिशवी फाटून गोट्या सांडाव्यात तशी ती पडत होती, कुठलं पाऊल कुठे, काही मेळच नाही. नव्याचा सगळा आवाज वरच्या वर हवेत जायचा. त्याचा खर्जही अगदी बेताचा. फळ्या थंड पडून राहायच्या. ताईने ते स्पीकरही पालथे घालून पाहिले, पण फळ्या हलल्या नाहीत; आवाज वाढवून पाहिला, तर समोरच्या इमारतीतल्या बाई भांडायला आल्या. शेवटी ताई स्वतःच मुलांपुढे उभी राहून हातांनी ताल मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. मुलं तिच्या हातांकडे बघून पाय उचलू लागली. पावलं एकत्र पडू लागली खरी, पण ती कवायत होती.

वार्षिक कार्यक्रम चार आठवड्यांवर आला आणि भिंगरी वर्गात यायची थांबली. नाचाच्या तासाला ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसायची, माझ्या दारापासून हातभर अंतरावर. तिसऱ्या दिवशी ताई खाली आली आणि तिच्या शेजारी टेकली. दार किलकिलं होतं आणि माझ्यावरचा पडदा एका बाजूने घसरला होता, म्हणून मला दोघींचे हात दिसत होते.

"का येत नाहीस? पाय दुखतो का?" ताईने खुणेने विचारलं.

भिंगरीने मान हलवली. मग तिचे हात सावकाश बोलले. "तू मोजतेस. मी बघते. मला बघायचं नाहीये, मला नाचायचंय."

ताईने उठून दार उघडलं आणि माझ्यावरचा पडदा ओढून काढला. धूळ इतकी उडाली की दोघींना शिंका आल्या.

गावात सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांमध्ये एक निवृत्त बाई राहत. त्यांनी तीस वर्षं रेडिओ केंद्राची यंत्रं सांभाळली होती. माइक तपासताना "हॅलो, हॅलो" म्हणून म्हणून त्यांचं नावच हॅलोकाकू पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ताई आणि शिपाईमामा मला तिथे घेऊन गेले. जिना चढता चढता मामांना धाप लागली.

"याच्या पोटात दगड भरलेत की काय हो?"

"दगड नाही, तांबं," वरून काकू म्हणाल्या. "म्हणूनच जरा आशा आहे. ठेवा इथे. हळू, आदळू नका त्याला."

त्यांनी माझं झाकण उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या पोटात उजेड पडला. काकूंनी एका मऊ ब्रशने धूळ झाडली आणि बारीक टॉर्च फिरवत गेल्या. त्यांच्या तोंडून मधूनच "वा!" निघत होतं. "काय तारा बांधल्यात बघा बायकांनी. वेणी घातल्यासारख्या! आणि हा ट्रान्सफॉर्मर पाहिलात? एवढा दणकट आता कुणी घालत नाही. वजन वाढतं म्हणे. हाडं पैलवानाची आहेत याची. वीज साठवणारे हे कंडेन्सर मात्र सुजलेत. डावीकडचे पॉवर ट्रान्झिस्टर जळलेत. ते मिळत नाहीत आता. दोन्हीकडचे काढून नवी जोडी घालावी लागेल."

ताईचा चेहरा उतरला. "उजवीकडचे चांगले आहेत ना? ते राहू द्या की. काकू, शक्यतो काही बदलू नका. बाबांचा आहे हो तो."

काकूंनी टॉर्च विझवला. "वडील चष्मा लावत होते?"

"हो. चाळिशीनंतर लागला."

"मग चष्मा लागल्यावर घरी दुसरेच वडील आले का?"

ताई हसली आणि तिचे डोळे भरून आले. काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "एका पायात बूट नि एका पायात चप्पल घालून मुलांना नाचवायचं नाही. जे थकलंय ते बदलू. जे धडधाकट आहे त्याला बोट लावणार नाही, माझा शब्द. आता मला सांगा, तो चांगला चालत होता तेव्हासुद्धा काय कमी पडायचं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. ताईने थोडा विचार केला. "मधल्या मुलांना कमी पोचायचं. स्पीकर दोन कडांना ना."

काकूंनी मला फिरवून माझी पाठ पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अहो, आणखी दोन स्पीकर जोडायची जागा इथे आहेच की! बनवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवलीय. याच्यात दम होता, तुम्हीच अर्धा वापरलात."

पुढचे बारा दिवस मी त्या टेबलावर होतो. काकूंची नजर कमी झाली होती, त्या डोळ्याला भिंग लावून काम करत. पण सोल्डरिंगची तापलेली कांडी हातात आली की त्यांचा हात असा स्थिर व्हायचा की पाहत राहावं. जुना सांधा वितळवायचा, जुना भाग अलगद ओढून घ्यायचा, जागा लख्ख करायची आणि नवा बसवायचा. प्रत्येक सांध्यावर त्या फुंकर घालायच्या आणि पुटपुटायच्या, "हं, बस आता इथे वीस वर्षं." सुजलेले कंडेन्सर गेले. खरखरणारं बटण आतून धुऊन निघालं. मोबाइल जोडायला मागे एक खाच आली. जुनी कडक झालेली वायर जाऊन तीन पिनांची जाड वायर आली, म्हणजे मुलांचा हात लागला तरी धक्का नको. स्पीकरच्या पडद्यांच्या कडा झिजून फाटल्या होत्या, त्या त्यांनी सोलून नव्या चिकटवल्या. मधल्या मुलांसाठी दोन मोठे जुने स्पीकर त्यांनी आपल्याच माळ्यावरून काढले आणि खालच्या सायकलवाल्याकडून त्यांना लाकडी पेट्या ठोकून घेतल्या.

तेराव्या दिवशी ताई आली. काकूंनी मला थेट वीज दिली नाही. मधे एक साधा बल्ब जोडला. "बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर सगळं ठीक. भगभगत राहिला तर आत कुठेतरी घोटाळा."

बटण दाबलं. बल्ब भगभगला, आणि भगभगतच राहिला.

काकूंनी झटकन वीज तोडली. कार्यक्रमाला दोन आठवडेसुद्धा उरले नव्हते. ताई पडलेल्या आवाजात म्हणाली, "राहू द्या काकू. तुम्ही खूप केलंत."

"गप्प बसा जरा," काकू म्हणाल्या, पण रागावल्या होत्या त्या स्वतःवर. भिंग लावून त्या एकेक सांधा पुन्हा बघत गेल्या. तासाभराने त्यांनी एका नव्या ट्रान्झिस्टरखालून, वीज पत्र्यात उतरू नये म्हणून घालतात तो, नखाएवढा अभ्रकाचा तुकडा चिमट्याने काढून उजेडात धरला. त्याला केसाएवढी चीर होती. "ही बघा माझी चूक. चिरलेला पापुद्रा बसवला मी. तीस वर्षं नोकरी केली म्हणून माणूस चुकत नाही थोडाच!" त्यांनी नवा पापुद्रा बसवला, चारदा तपासला आणि पुन्हा बटण दाबलं.

बल्ब लखकन पेटला आणि शहाण्यासारखा मंद झाला.

मग त्यांनी स्पीकर जोडले, आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत नेलं आणि गाणं न लावताच कान लावला. माझ्या पोटात गुरगुर नव्हती. "हॅलो, हॅलो," काकू मला म्हणाल्या, आणि ताईने त्यांना मिठीच मारली.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या लाकडी खोलीत भिंतींकडेने आईवडील खुर्च्यांवर बसले होते. नवा संचही आपल्या घोड्यांवर होता. काकूंनी आम्हा दोघांना एकाच मोबाइलमधून तारेनेच गाणं दिलं होतं, म्हणजे एक पुढे, एक मागे असं नको. नवा पाहुण्यांच्या कानांसाठी आणि मी मुलांच्या पायांसाठी. भांडण कसलं आमच्यात? तो वरचे सूर उचलत होता, मी खालचे.

मुलं जागेवर उभी राहिली. नेहमीप्रमाणे ताई पुढे येऊन हात उचलेल म्हणून सगळे थांबले होते. तिने मोबाइलवर बोट टेकवलं, आणि मोजायला उभी न राहता सरळ मागे जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

पहिला ठोका मी दिला. सगळी जमीन जागी झाली, डावी, उजवी आणि मधलीही. अठ्ठावीस पावलं एका क्षणी उचलली गेली. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. खिडकीजवळ भिंगरी फिरू लागली आणि फिरता फिरता तिने डोळे मिटून घेतले. ज्या मुलीला ऐकू येत नाही तिने डोळेही मिटायचे, म्हणजे सगळा भरवसा तळपायांवर टाकायचा. तिच्या आईने भीतीने तोंडावर हात नेला. पण भिंगरी चुकली नाही. गाणं संपलं त्या क्षणी ती थांबली, अर्धा ठोकाही पुढे नाही. मग मामांनी आपले दोन्ही हात वर करून हलवले, ऐकू न येणाऱ्यांची टाळी असते तशी, आणि सगळी खोली हात हलवू लागली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी असेल, पडद्याखाली, माळ्यावर, जिन्याखाली. थकलेलं असेल, पण थकणं निराळं नि संपणं निराळं, आणि ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. तेव्हा टाकून देण्याआधी एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. त्याचं काय थकलंय ते विचारा, आणि त्याच्यात वापरायचं काय राहून गेलंय तेही विचारा. मात्र झाकण स्वतः उघडायला जाऊ नका हं! प्लग काढला तरी आमच्या पोटात थोडी वीज दडून असते.

त्या दिवशी खुर्च्या आवरताना मुख्याध्यापकांनी हॅलोकाकूंना विचारलं, "आता हा किती वर्षं चालेल हो?"

"वीस तरी चालेल."

"आणि मग?"

काकू माझ्या झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग काय, परत उघडायचा."